उंच, अरुंद, नक्षीदार : एका अक्षरवळणाचा इतिहास (#थ्रेड)

१/
काउबॉयचा चित्रपट. 'सलून'ची लाकडी पाटी. 'वॉन्टेड' असे छापलेले पिवळट पत्रक. ही तीन दृश्ये आठवली की त्यांच्यासोबत एक विशिष्ट अक्षरही डोळ्यांसमोर उभे राहते : उंच, अरुंद, काळेभोर आणि पायाशी माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले. हे 'वाइल्ड वेस्ट'चे अक्षर, असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक या घराण्याचा जन्म लंडनच्या टाइप फाउंड्रीत झाला, त्याला देह दिला तो अमेरिकेच्या पूर्व भागातील मेपल वृक्षाने, आणि त्याने सर्कशीपासून माणसांच्या लिलावापर्यंत सारे काही पुकारले. त्याचा हा इतिहास.

२/
आपल्या संगणकावर हे अक्षर बहुधा 'मेस्क्वीट' या नावाने भेटते. १९९० साली अडोबी कंपनीने एकोणिसाव्या शतकातील लाकडी टाइपांवर आधारित पाच फॉन्ट प्रसिद्ध केले : कॉटनवुड, आयर्नवुड, जुनिपर, मेस्क्वीट आणि पॉन्डेरोसा. पाचही नावे झाडांची आहेत. लाकडाला दिलेली ती मानवंदना होती. मेस्क्वीटचे रेखाटन जॉय रेडिक यांचे. या नावाचे झाड मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले. आपल्या माळरानांवर पसरलेली वेडी बाभूळ त्याच वंशातली. म्हणजे नावापुरते का होईना, हे अक्षर आपल्या ओळखीचे निघाले!

३/
आता त्याची शरीररचना पाहू. उंचीच्या मानाने रुंदी फार कमी, म्हणून ते 'कंडेन्स्ड' म्हणजे आक्रसलेले. दांड्याची टोके सरळ न संपता दोन बाजूंना फाकतात; अशा टोकांच्या वळणाला 'टस्कन' म्हणतात. या कुळातल्या पुष्कळ टाइपांत दांड्याच्या मध्यावरही एखादा काटा किंवा फुगवटा असतो. अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा चिंचोळी फट होऊन उरते. पुस्तकाचे पान अशा अक्षरांत छापले तर दोन ओळींतच डोळे थकतील. परंतु हे अक्षर पानासाठी नव्हतेच. ते भिंतीसाठी होते.

४/
दुभंगलेल्या टोकांची हौस मात्र एकोणिसाव्या शतकाहून कितीतरी जुनी आहे. चौथ्या शतकात पोप दमासस (कारकीर्द ३६६–३८४) याने रोमच्या भूमिगत दफनस्थळांत हुतात्म्यांच्या स्मरणार्थ शिलालेख कोरवून घेतले. त्यांची अक्षरे फिलोकॅलस नावाच्या कलावंताने घडवली आणि त्यांच्या टोकांना नाजूक, दुहेरी वळसे दिले. तेथे ही नक्षी आदराची खूण होती. दीड हजार वर्षांनी तीच कल्पना चौकातल्या आरोळीसाठी वापरात आली. आकार तसाच राहतो आणि काम बदलते, हे या थ्रेडचे सूत्र येथूनच हाती धरा.

५/
अठराव्या शतकाअखेरपर्यंत युरोपातील टाइप प्रामुख्याने पुस्तकासाठी घडे. जाहिरात छापायची तर मुद्रक पुस्तकातलाच टाइप थोडा मोठा करून वापरी. औद्योगिक क्रांतीने हे चित्र पालटले. शहरे वाढली, माल वाढला, नाट्यगृहे आणि घोडागाड्यांच्या फेऱ्या वाढल्या, आणि भिंतीवर एकाशेजारी एक दहा पत्रके लागू लागली. हातात पुस्तक घेऊन बसलेल्या वाचकाची जागा रस्त्याने चालत्या माणसाने घेतली. त्याचे लक्ष वेधण्यासाठी पत्रकाला क्षणभराचाच अवधी होता. शांत स्वरात बोलणारे अक्षर तेथे कुणाच्या कानी पडणार?

६/
साधारण १८०३ च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट थॉर्न याने 'फॅट फेस' आणला : जाड रेषा अतोनात जाड, बारीक रेषा केसाएवढी बारीक. सरकारी लॉटरीची पत्रके अशाच टाइपांनी गजबजून गेली. पुढचा योगायोग गमतीचा आहे. १८२० मध्ये थॉर्न वारला आणि त्याची फाउंड्री विल्यम थोरोगुड याने विकत घेतली, तीही लॉटरीत जिंकलेल्या पैशातून! लॉटरीने ज्या टाइपाला बाजार दिला, त्या टाइपाच्या कारखान्याला मालकही लॉटरीनेच दिला.

७/
त्यानंतरची दोन दशके म्हणजे अक्षरांची जत्राच. व्हिन्सेंट फिगिन्सने जाड चौकोनी पायांचा 'अँटिक' आणला. दुभंगल्या टोकांचा टस्कनही त्याच्याच नमुन्यांतून पुढे आला. १८१६ मध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनने टोकांचे पाय साफ कापून टाकलेला टाइप दाखवला. आज मोबाइलच्या पडद्यावर आपण वाचतो त्या बिनपायांच्या अक्षरांचा तो पूर्वज. १८२१ च्या 'इटालियन'मध्ये तर सारे उलटेच झाले : जिथे जाड हवे तिथे बारीक आणि जिथे बारीक तिथे जाड. सुसंस्कृत मुद्रकांनी नाके मुरडली. गिऱ्हाइके मात्र मागणी करीत राहिली.

८/
अडचण होती ती धातूची. टाइपाचा खिळा शिशाच्या मिश्रधातूतून ओतला जाई. अक्षर तीन-चार इंच उंच झाले की खिळे असह्य जड होत. ओतलेला धातू थंड होताना असमान आक्रसे आणि छापण्याचा पृष्ठभाग खोलगट होई. मग शाई मधोमध लागतच नसे. शिवाय हा टाइप महाग, आणि हातून पडला तर कोपरा मोडलाच म्हणून समजा. रस्त्याला मोठे अक्षर हवे होते आणि धातूला ते पेलवत नव्हते.

९/
यावर उत्तर सापडले न्यूयॉर्कमध्ये. १८२७ साली डेरियस वेल्स या मुद्रकाने लाकडातून अक्षराभोवतीचा भाग वेगाने कोरून काढणारे फिरत्या पात्याचे यंत्र वापरात आणले आणि १८२८ मध्ये लाकडी टाइपाची पहिली नमुनावही काढली. लाकडावर अक्षरे कोरण्याची कला जुनीच. नवे होते ते घाऊक उत्पादन. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने या यंत्राला 'पँटोग्राफ' जोडला. एका टोकाची सुई मोठ्या नमुन्याच्या कडेने फिरवायची की दुसऱ्या टोकाचे पाते तोच आकार हव्या त्या मापात कोरते.

१०/
पँटोग्राफचा परिणाम दूरगामी झाला. धातूच्या टाइपात प्रत्येक अक्षराच्या प्रत्येक आकारमानासाठी पोलादी ठसा कोरावा लागे आणि त्यात कुशल कारागिराचे दिवसच्या दिवस जात. आता एक नमुना रेखाटला की त्यावरून लहान-मोठी अनेक मापे निघू लागली. नक्षी स्वस्त झाली! फाकलेले पाय, मध्यावरचे काटे, सावल्या, पोकळ अक्षरे, काय हवे ते मागा. कल्पनेवर खर्चाचा जो लगाम होता, तो सैल सुटला.

११/
कृती थोडक्यात अशी. मेपलचा ओंडका आडवा कापून चकत्या काढायच्या, म्हणजे छापण्याच्या पृष्ठभागावर लाकडाच्या तंतूंची टोके येतात. असे लाकूड दाब सोसते आणि त्याची कड तुटत नाही. चकत्या दीर्घकाळ वाळवायच्या आणि घासून-रंधून टाइपाच्या ठरीव उंचीला आणायच्या. अमेरिकेत ही उंची ०.९१८ इंच. धातूच्या टाइपाचीही तीच, त्यामुळे दोन्ही एकाच चौकटीत बसत. यंत्राच्या गोल पात्याला आतले टोकदार कोपरे साधत नसत; ते हाताने कोरून पुरे करावे लागत.

१२/
आता मुख्य प्रश्न : अक्षर अरुंद कशाला करायचे? हे गणिताने समजते. कागदाची छापण्याजोगी रुंदी २० इंच धरा. 'सेल' हा शब्द रोमन लिपीत चार अक्षरांचा. ओळ भरायला प्रत्येकाला सरासरी ५ इंच मिळतात. 'एक्झिबिशन' दहा अक्षरांचा. प्रत्येकाला जेमतेम २ इंच. नेहमीच्या घडणीचे अक्षर २ इंच रुंद असेल तर त्याची उंचीही त्याच बेताची राहणार, आणि ते दुरून दिसणार नाही. उंची ४ इंच राखून रुंदी २ इंच हवी असेल, तर आक्रसलेल्या टाइपावाचून गत्यंतर नाही.

१३/
जुन्या भित्तिपत्रकांवर दर ओळीला टाइप बदलतो, तो हाच न्याय. आपल्याला ती मुद्रकाची लहर किंवा अभिरुचीचा अभाव वाटतो. खरे तर जुळाऱ्यापुढे कोडे असे : प्रत्येक ओळ दोन्ही कडांना भिडली पाहिजे, महत्त्वाचा शब्द सर्वांत मोठा दिसला पाहिजे, आणि हे सारे कपाटात असलेल्या टाइपांतूनच भागले पाहिजे. आखूड शब्दाला पसरट टाइप, लांबलचक शब्दाला अरुंद. लाकूड काही रबरासारखे ताणता येत नाही, म्हणून रुंदीच्या जितक्या तऱ्हा तितके टाइप विकत घ्यावे लागत.

१४/
नमुनावहीची परिभाषाही या व्यवहारातूनच आली. लाकडी टाइपाची उंची 'लाइन'मध्ये मोजत. एक लाइन म्हणजे एक पायका, सुमारे १/६ इंच. अर्थात २४ लाइनचे अक्षर ४ इंच उंच. संचात 'ए' हे अक्षर किती वेळा येते यावरून संचाचा आकार सांगत : तीन 'ए'चा संच लहान, पाच 'ए'चा मोठा. गावच्या छोट्या छापखान्यात तीन 'ए'चा संच असेल, तर चौथा 'ए' लागताच जुळाऱ्याला दुसरा टाइप मिसळावा लागे किंवा मजकूरच बदलावा लागे. शब्दांची निवड कधीकधी अशी कपाटात ठरत असे.

१५/
मग नक्षी कशासाठी? अक्षर फार आक्रसले की त्याचे व्यक्तिमत्त्व हरपते. सी, जी, ओ यांची गोलाई चपटी होते आणि सारी ओळ कुंपणाच्या खांबांसारखी दिसू लागते. जाड किंवा फाकलेले पाय येथे कामाला येतात. शेजारशेजारच्या अक्षरांचे पाय मिळून ओळीच्या वर आणि खाली एकेक काळा पट्टा तयार होतो, आणि सुटे खांब एका शब्दात बांधले जातात. देवनागरी वाचणाऱ्यांना ही युक्ती चटकन समजेल. आपल्या शिरोरेषेचा डोळ्यांवर होणारा परिणाम काहीसा असाच असतो.

१६/
या कुळात एक नाव टाळता येणार नाही : क्लॅरेंडन. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून, म्हणजे थॉर्नच्याच जुन्या घरातून, रॉबर्ट बेस्लीने तो आणला. ठसे कोरले बेंजामिन फॉक्सने. हा टाइप जाड आणि किंचित अरुंद होता. कायद्याने रचनेची नोंदणी करून त्याला तीन वर्षांचे संरक्षण मिळवले होते. मुदत सरताच नकलांचा पूर आला. पुढे १८६० च्या दशकात अमेरिकेत त्याचे पाय अवाढव्य जाड केले, अंग आक्रसले आणि 'फ्रेंच क्लॅरेंडन' तयार झाला. 'वॉन्टेड'च्या पत्रकावरचे आपल्या कल्पनेतले अक्षर बहुतेकदा हेच असते.

१७/
या अक्षरांनी पुकारले काय? पहिले उदाहरण करमणुकीचे. १४ फेब्रुवारी १८४३ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे पाब्लो फँक या कृष्णवर्णीय सर्कसमालकाचा खेळ होता. त्याचे पत्रक १९६७ मध्ये जॉन लेननने एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून विकत घेतले आणि त्यातल्या मजकुरावरून बीटल्सचे मिस्टर काइटवरील गाणे तयार झाले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जुळाऱ्याने ओळी भरण्यासाठी लावलेले शब्द असे गाण्यात जाऊन बसले.

१८/
दुसरे उदाहरण वेदनेचे. अमेरिकेत गुलामांच्या विक्रीची आणि पळालेल्या गुलामांवरील इनामांची पत्रके याच छापखान्यांत, याच कपाटांतल्या टाइपांनी छापली गेली. आणि त्याच टाइपांनी त्याविरुद्ध हाकही दिली. १८५० च्या फरारी गुलाम कायद्यानंतर बोस्टनमध्ये थॉमस सिम्स याला पकडून एप्रिल १८५१ मध्ये जॉर्जियाला परत धाडण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच, २४ एप्रिलला, एक पत्रक निघाले : शहरातील कृष्णवर्णीयांनो, पहारेकऱ्यांशी आणि पोलिसांशी बोलू नका, ते गुलाम पकडणाऱ्यांचे काम करीत आहेत. माथ्यावर सावधानतेचा एकच प्रचंड शब्द.

१९/
तिसरे उदाहरण राज्यसत्तेचे. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाने संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला आणि काही मिनिटांतच 'चार्ल्सटन मर्क्युरी'ने संघ विसर्जित झाल्याची घोषणा मोठाल्या अक्षरांत छापून रस्त्यावर आणली. २० एप्रिल १८६५ रोजी युद्ध खात्याने लिंकनच्या मारेकऱ्यांसाठी एकूण १,००,००० डॉलर इनामाचे पत्रक काढले : बूथसाठी ५०,०००, सरॅट आणि हेरल्ड यांच्यासाठी प्रत्येकी २५,०००. घाई इतकी की या दोघांच्या आडनावांची स्पेलिंगेही चुकली. युद्धाचा आरंभ आणि शेवट, दोन्ही पुकारायला अक्षरांचे घराणे तेच.

२०/
शतक सरता सरता ही जत्रा ओसरली. रंगीत शिळाछापाने चित्रच मोठे करून दाखवायला सुरुवात केली. बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' खेळाची प्रसिद्ध पत्रके मुख्यत्वे शिळाछापाचीच. लाकडी टाइपाच्या धंद्यात १८८० पासून विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या जे. ई. हॅमिल्टनने स्वस्त मालाच्या बळावर मुसंडी मारली आणि १८९१ मध्ये विल्यम पेजचा नामांकित कारखानाही घेतला. याच पेजने १८७४ मध्ये दुरंगी-तिरंगी लाकडी टाइपांची अतिशय देखणी नमुनावही काढली होती. नव्या शतकाची अभिरुची साधेपणाकडे वळली आणि कपाटांवर धूळ साचली.

२१/
पुनरागमन झाले ते आठवणीच्या रूपात. १९३८ मध्ये निकोलेट ग्रे यांनी एकोणिसाव्या शतकातील नक्षीदार टाइपांवर पुस्तक लिहून या 'वेड्यावाकड्या' अक्षरांना अभ्यासाचा विषय केले. त्याच वर्षी रॉबर्ट हार्लिंग यांचा आक्रसलेला 'प्लेबिल' शेफिल्डच्या स्टीव्हन्सन ब्लेक फाउंड्रीतून आला. १९६९ मध्ये रॉब रॉय केली यांनी अमेरिकन लाकडी टाइपाचा इतिहास प्रसिद्ध केला. दरम्यान हॉलिवूडने त्याच अक्षरांना घोडे, धूळ आणि पिस्तुले चिकटवून टाकली होती.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक उपयुक्त हत्यार दडलेले आहे. टाइप म्हणजे तारखेचा पुरावा. एखादे पत्रक १८४० चे म्हणून विकले जात असेल आणि त्यावर फ्रेंच क्लॅरेंडन असेल, तर ते १८४० चे असू शकत नाही; तो टाइपच वीस वर्षांनी आला. १८८० च्या 'वॉन्टेड' पत्रकावर प्लेबिल दिसला, तर ते १९३८ च्या आधीचे नव्हेच. कागद चहात बुडवून जुना करता येतो. अक्षराचे वय असे लपवता येत नाही. उलट बाजूने मात्र सावध राहा : जुना टाइप आजही छापता येतो, म्हणून टाइप जुना दिसला एवढ्यावरून पत्रक जुने ठरत नाही.

२३/
जुना टाइप आजही छापतो, हे खरेच. नॅशव्हिलचे 'हॅच शो प्रिंट' १८७९ पासून चालू आहे आणि संगीताच्या मैफिलींची पत्रके अजून लाकडी टाइपाने काढते. टू रिव्हर्समध्ये १९९९ पासून लाकडी टाइपाचे संग्रहालय आहे. संगणकावर मेस्क्वीट किंवा त्याची भावंडे वापरायची असतील, तर त्यांचा धर्म सांभाळा : एक-दोन शब्द, मोठे माप, भोवती मोकळी जागा. परिच्छेद त्यात कधीही लावू नका. चौकातली आरोळी घरात दिली तर ती केवळ गोंगाट ठरते.

२४/
आणि देवनागरी? आपल्या लिपीला आक्रसणे अवघड. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. उंचीतला मोठा वाटा मात्राच खातात, आणि 'क्ष', 'ज्ञ', 'ण' दाबले की ओळखू येईनासे होतात. म्हणून जाहिरातीचे देखणे मराठी अक्षर मोठ्या प्रमाणावर हाताने काढले गेले. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी काढलेली शीर्षके आठवा. जागा तेवढीच, पण प्रत्येक नाटकाला निराळे अक्षर. पँटोग्राफने तिकडे जे केले, ते इकडे एका कलावंताच्या कुंचल्याने केले.

२५/
शेवटी, या अक्षराकडून शिकण्यासारखे काय? अक्षराच्या अंगात अर्थ नसतो. तो वापराने चढतो, आणि एकदा चढला की आधीचे सारे अर्थ झाकून टाकतो. आज हे दुभंगलेले पाय पाहिले की आपल्याला गंमत वाटते, काउबॉय आठवतो. ज्यांच्या विक्रीची पत्रके याच टाइपांनी भिंतीवर लावली, ती माणसे आठवत नाहीत. आणि ज्यांनी त्याच टाइपांनी त्यांना सावध केले, तेही आठवत नाहीत. पुढच्या वेळी एखाद्या हॉटेलच्या पाटीवर हे अक्षर दिसले, तर क्षणभर थांबून त्याला विचारा : बाबा रे, याआधी तू काय काय पुकारलेस?

(समाप्त. तुमच्या गावात जुन्या छापखान्याचे लाकडी टाइप, विशेषतः देवनागरी, कुठे जपलेले असतील तर खाली जरूर सांगा. असे टाइप टाकाऊ लाकूड समजून जळणात जाऊ देऊ नका, एवढीच विनंती.)